मागचा दांडा

“हाच तो दांडा?” बहारुमने खाली वाकून विचारलं.

गॅरेजच्या तौकेने, म्हणजे मालक लाऊने, स्वतःची गाडी लिफ्टवर चढवली होती. मागच्या दोन चाकांच्या मध्ये, सांगाड्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत एक जाड लोखंडी दांडा बोल्टांनी आवळलेला होता. अगदी असाच दांडा त्याने बहारुमच्या मुलाच्या, इझवानच्या गाडीला बसवून दिला होता. सिंपांग पुलाईच्या घाटात ती गाडी वळणावर घसरली, डाव्या अंगाने कठड्यावर आदळली आणि इझवान गेला.

“हाच,” लाऊ म्हणाला. वयाचा मान राखून तो बहारुमला पाकचिक, म्हणजे काका म्हणे. “पण पाकचिक, खरं सांगू? साधं लोखंड आहे. त्याने काही फारसा फरक पडत नाही.”

“नाही पडत?” बहारुमने भिंतीकडे बोट केलं. तिथल्या पाटीवर लाऊनेच रंगवून घेतलं होतं : मागे दांडा लावा, वळणावर गाडी रस्ता सोडणार नाही. “मग इतकी वर्षं गंडेदोरे विकताय का, तौके?”

लाऊने पाटीकडे पाठ केली. इपोह शहरातली अर्धी पोरं त्याच्याकडून हा दांडा बसवून घेत. त्यांच्यापुढे दांड्याचं कौतुक करताना त्याची जीभ कधी अडखळली नव्हती. पण आज समोर मेलेल्या पोराचा बाप होता, इझवानचा अबाह. बापाने चारचौघांत गचांडी धरली तर, या भीतीने लाऊ दफनालाही गेला नव्हता. त्याची त्याला लाज वाटत होती. आता चाळिसाव्याचं जेवण घालून बापच दारात येऊन उभा राहिला होता.

त्याने समोरच्या टपरीवरून कॉफी मागवली. प्लास्टिकच्या पिशवीत बांधून आणवली, म्हणजे डुक्कर खाणाऱ्या आपल्या चिनी माणसांच्या कपाचा मुसलमान पाकचिकना संकोच नको. बहारुमने पिशवी घेतली आणि तशीच हातात धरून ठेवली.

“मला भांडायचं नाही,” तो म्हणाला. “पोलीस नको, कोर्ट नको. चूक दांड्याची की चालवणाऱ्याची, एवढंच सांगा. त्याशिवाय मला झोप नाही.”

“आणि दांड्याची निघाली तर?”

“तर तुम्हाला पोटभर शिव्या देईन आणि घरी जाऊन झोपेन.”

लाऊ हसला नाही.

“हातच्या काकणाला आरसा कशाला?” बहारुम म्हणाला. “चला त्याच वळणावर. एकदा दांडा काढून, एकदा लावून.”

नाही म्हणण्याची लाऊची छाती झाली नाही. त्याने दांडा काढून मागच्या सीटवर टाकला. घाटाच्या पायथ्याशी पोहोचेपर्यंत दुपारचा पाऊस सुरू झाला होता. बहारुम शेजारी पट्टा घट्ट धरून बसला होता. वर जाऊन लाऊने गाडी वळवली आणि उताराला लावली.

“जरा हळू, तौके. आम्हा लॉरीवाल्यांचं बरं, शंका आली की आधी पाय उचलायचा.”

“हळू गेलो तर कळणार काय, पाकचिक?”

वळण आलं. गाडीचं बूड एका अंगाला कललं, हेलकावलं आणि जरा उशिराच मागोमाग आलं.

भाजीच्या बंद दुकानाच्या पत्र्याखाली लाऊने जॅक लावून दांडा परत आवळला. ते पुन्हा वर गेले, पुन्हा त्याच वेगाने उतरले. या वेळी मागची चाकं पुढच्यांच्या पावलावर पाऊल टाकत आली. कुठे हेलकावा नाही, कुठे कुरकुर नाही. लाऊच्या छातीवरचं ओझं उतरलं. त्याने शेजारी पाहिलं. बहारुमचा चेहरा उतरला होता.

“पुन्हा,” बहारुम म्हणाला.

पुन्हाही गाडी तशीच आली. लाऊने ती कडेला घेऊन थांबवली. त्याला या माणसाची आता दया येत होती. दांडा निर्दोष ठरला की दोष पोराच्या माथी जाणार, आणि कुठल्या बापाला ते सोसेल?

“मग घसरली कशी?” बहारुमचा आवाज चढला. “मागूनच घसरली ती! आधी अलगद, मग एकदम.”

पोलिसांनी सांगितलं असेल, असं लाऊला वाटलं. खोटं बोलावं, असं क्षणभर त्याच्या मनात आलं. एका खोट्याने म्हातारा झोपला असता. पण मग उद्या पाटी उतरवावी लागली असती.

“पाकचिक, दांड्याने गाडीची मागची बाजू ताठ होते,” तो म्हणाला. “ॲक्सिलरेटरवर पाय स्थिर ठेवला तर ती सोन्यासारखी वळते. पण ओल्या रस्त्यावर, ऐन वळणात घाबरून एकदम पाय उचलला, तर मागचं टोक बाहेर फेकलं जातं. साधी गाडी एखाद वेळी माफ करते. ही करत नाही.”

“म्हणजे दांड्याचीच चूक!” बहारुम त्याच्याकडे वळला. त्याचे डोळे भरून आले होते. “तसं म्हणा ना, तौके.”

“कसं म्हणू? दांडा मारत नाही, उचललेला पाय मारतो. इझवानला हे मी याच घाटात शिकवलं होतं. वेडीवाकडी गाडी हाकणारा पोरगा नव्हता तो. त्याला हे पक्कं माहीत होतं. त्याने पाय का उचलला, तेच मला कळत नाही.”

पावसाचा जोर वाढला होता. बहारुमने समोरच्या काचेकडे तोंड फिरवलं.

“त्याने नाही उचलला,” तो म्हणाला. “तो माझ्या शेजारी बसून ओरडत होता, ‘अबाह, पाय उचलू नका.’”