हिरवा चुडा

उद्याच्या लग्नासाठी शालनने मुलीच्या हातात चुडा भरला. क्षितिजावर कायमचा अडकलेला छोटा तांबडा सूर्य खिडकीतून दिसत होता.

"आई, लग्नात काळ्या बांगड्या?"

"हिरव्या आहेत गं वेडे. या उजेडात तशा दिसतात."

शालनने पृथ्वीवरून आणलेला टॉर्च लावला. पांढऱ्या प्रकाशात चुडा झळाळला. याच ग्रहावर जन्मलेली केतकी हिरवा रंग पहिल्यांदाच पाहत होती.

"तिकडे काय काय होतं असं?"

"गवत, पोपट, श्रावणातले डोंगर, कैऱ्या..." उत्साहाने सांगणारी शालन मुलीचा चेहरा पाहून थांबली.

"हे सगळं सोडून मला इथे जन्माला घातलंस?"

शालनने मान खाली घातली.

केतकीनेच हात पुढे करून टॉर्च बंद केला. "राहू दे आई. हिरव्याची सवय लागेल मला."