दुसऱ्याची लय

घाटातल्या सायकल शर्यतीत पडून शकिला मुजावरचा उजवा पाय गेला होता. नव्या कृत्रिम पायात एका जगज्जेत्याची पेडल मारायची लय भरलेली होती. आज ट्रॅकवर तिनं स्वतःचाच जुना विक्रम मोडला. तिचे प्रशिक्षक भोकरे सर आनंदानं ओरडले. शकिला मात्र सायकल भिंतीला टेकवून थेट पाय बसवणाऱ्या डॉक्टरांकडे गेली. सर तिच्या मागोमाग आले.

"ही लय पुसून टाका."

"वेड लागलंय का? निवड चाचणी तोंडावर आलीय," सर म्हणाले. "पाय कोरा झाला तर साधा तोलसुद्धा सांभाळता येणार नाही."

"सर, सायकलवर दुधाचे कॅन लादून चढ चढताना मी टाच दाबून पेडल मारायला शिकले. ती खोड तुम्हालाही मोडता आली नाही. हा पाय टाच उचलतो. मघाशी विक्रम कुणी मोडला, मला माहीत नाही."

डॉक्टरांनी सरांकडे पाहिलं.

"पाय माझा आहे. त्यांना काय विचारता?"

लय पुसली गेली. शकिला ट्रॅकवर परत येऊन सायकलवर बसली, तिनं टाच दाबली आणि पहिल्याच वळणावर धाडकन आपटली. सर धावले. तिच्या कोपरातून रक्त येत होतं.

"तिथंच थांबा, सर!" ती उठत म्हणाली. "आत्ता पडले, ती मी पडले."