वीस म्हणजे बत्तीस

आलेख समोर ठेवून साहेबांनी चौकशी जवळजवळ आटोपलीच होती.

आडव्या रेघेवर दुपारी बारापासूनची मिनिटं होती आणि पाणी विसाव्या मिनिटाला चढलेलं दिसत होतं. भोंगा वाजला बारा पंचवीसला. पलीकडच्या शाळेतल्या मास्तरांनी घड्याळ बघून तसं लिहून दिलं होतं. म्हणजे धरणाचं दार आधी उघडलं, भोंगा मागून. खाली नदीत जाळं लावायला उतरलेला माणूस त्या पाण्यात वाहून गेला.

दारावरचा चौकीदार भागोजी भिंतीला टेकून उभा होता.

"भोंगा वाजवून थांबलू हुतू, सायब. मंगच दार उगडलं."

सकाळपासून तो एवढंच सांगत होता, आणि तेही जमिनीकडे बघून. साहेब मुंबईचे, अंधाराआधी त्यांना चिपळूण गाठायचं होतं. भागोजीला पोलिसांच्या ताब्यात द्यावं, असं त्यांनी लिहायला घेतलं.

सत्त्याऐंशी साली रत्नागिरीच्या त्या कार्यालयात संगणक एकच होता आणि तो चालवायच्या मालनबाई. उरलेले कागद घेऊन त्या आत आल्या आणि आलेखापाशी थांबल्या.

"हा मी काढलेला नाही," त्या म्हणाल्या.

त्या पंधरवड्यात बाई रजेवर होत्या. आलेख कारकून हरिश्चंद्राने काढला होता, आणि त्याला या कामाची सवय नव्हती. बाईंनी पेन्सिलीचं टोक टेकवून दहा आणि विसामधल्या बारीक रेघा मोजल्या. नऊ हव्या होत्या, पंधरा भरल्या.

पाणी मोजणारं यंत्र मिनिटांचे दहा-दहाचे नाही, सोळा-सोळाचे गठ्ठे करतं, असं त्यांनी सांगितलं. नवानंतर ते ए, बी करत एफपर्यंत जातं आणि मग दहा लिहितं. ते दहा म्हणजे आपले सोळा. त्याचे वीस म्हणजे आपले बत्तीस. कागदावर फक्त पुऱ्या गठ्ठ्यांचे आकडे छापले होते, नेमकं एकही अक्षर आलं नव्हतं, म्हणून कोणाला शंका आली नाही.

साहेबांना पटेना. वीस ते वीसच, असं त्यांचं म्हणणं. तेव्हा बाई त्यांना संगणकापाशी घेऊन गेल्या, आज्ञावलीतली एक ओळ बदलली आणि तीच नोंद पुन्हा छापली. आता पाणी बत्तिसाव्या मिनिटाला चढत होतं. भोंग्यानंतर सात मिनिटांनी.

साहेबांनी दोन्ही कागद शेजारी ठेवून बराच वेळ पाहिले आणि आधीचा निकाल फाडला.

"म्हणजे भोंगा त्या बुडालेल्या माणसाने ऐकला असणार," ते म्हणाले. "सात मिनिटं हातात होती, तरी वर आला नाही. चूक त्याचीच म्हणायची."

"तसंच लिहा," बाई म्हणाल्या.

भागोजी पाया पडायला वाकला, तशा त्या बाजूला सरल्या.

साहेबांनी बाईंचा जबाब लिहिला. नाव, हुद्दा भरला, 'मृताशी नातं' या रकान्यात आपणच आडवी रेघ मारली आणि कागद सहीसाठी पुढे केला.

मालनबाईंनी ती रेघ खोडली, वर 'पत्नी' असं लिहिलं आणि सही केली.