तत्त्वज्ञान, रोल नंबर एक

१९७७ : अकरा विद्यार्थी.

१९८० : चार.

१९८३ : कोणीच नाही.

"कापगते सर, पोरं सारे कॉमर्सले जाऊन राहिले," साकोलीच्या कॉलेजचे प्राचार्य म्हणाले. "यंदा तत्त्वज्ञानाले एक तरी नाव आणा, नाहीतर विषय बंद."

घरी आल्यावर सरांनी जेवताना हे बायकोला सांगितलं. बायको म्हणाली, "मी आहो ना बारावी पास. टाका माहं नाव. फक्त वर्गात माह्यावर खेकसू नोका."

नवराबायकोनं एकमेकांचं नाव घ्यायचं नाही, अशी त्यांच्या घरची रीत. घरात सर तिला नुसतं 'अवो' म्हणायचे. पण हजेरीपटावर 'अवो' कसं चालणार? मग रोज सकाळी त्या रिकाम्या वर्गात सोमाजी कापगते घसा खाकरून हाक मारायचे, "ललिता कापगते."

पहिल्या बाकावरून, पदराआड हसू दाबत, ती म्हणायची, "येस सर."

तीन वर्षं. घरी मात्र पुन्हा 'अवो'च.

१९८६ : तत्त्वज्ञान, उत्तीर्ण एक.

निकाल लागला त्याच पावसाळ्यात ती काविळीनं गेली. विषयही बंद झाला.

दिवाळीनंतर युनिव्हर्सिटीचं लांबट पाकीट घेऊन पोस्टमन अंगणात आला. तो गावात नवा होता, त्याला काही ठाऊक नव्हतं. त्यानं पत्ता वाचून मोठ्यानं हाक दिली,

"ललिता सोमाजी कापगते!"

आतून सर म्हणाले, "येस सर."