आधी बंदर विचारा

“कुठल्या बंदराची बोट?” ताईने विचारलं. वायरलेसवरचा आवाज ओळखीचा नव्हता. बोलण्याची ढबही इथली नव्हती.

वाऱ्याच्या घोंघाटातून उत्तर आलं. समुद्रापलीकडच्या बंदराचं नाव. मागोमाग मोडकीतोडकी वाक्यं. ताई, आत घ्या, माणसं गारठलीत, आता फार वेळ निघणार नाही.

तिला सगळेच ताई म्हणत. बंदराच्या वायरलेस खोलीत बारा वर्षं बसलेल्या बाईला दुसरं नावच उरलं नव्हतं. पलीकडचे खलाशीसुद्धा तिचा आवाज ऐकत आणि तिने सांगितलेल्या हवेच्या भरवशावर जाळी आवरत. बंदराच्या तोंडाशी पाण्याखाली वाळूचे उंचवटे होते आणि दर वादळात ते जागा बदलत. ‘डावीकडे घे, आता सरळ, आता थांब, लाट जाऊ दे’ असं ताईने सांगितल्याशिवाय कुणी आत शिरत नसे. शहाणपणा करून शिरलाच, तर बोट वाळूत रुतायची आणि पुढच्या लाटेला उलटायची.

पण महिन्यापूर्वी पलीकडच्यांशी बिनसलं आणि भिंतीवर हुकूम लागला. आधी बंदर विचारा. आपली बोट असेल तर वाट सांगा, परकी असेल तर उत्तर देऊ नका. हुकूम काढणाऱ्याने समुद्र फक्त नकाशात पाहिला असणार, असं ताई घरी म्हणाली होती. ऑफिसात म्हणायची तिची छाती नव्हती.

साहेब शेजारीच उभे होते. त्यांनी तिच्या हातातला माइक काढून टेबलावर ठेवला. तो आवाज पुन्हा ताई, ताई करू लागला, तसं त्यांनी वाकून सेटचं बटण पिळलं. खोली एकदम गप्प झाली. साहेब काही राक्षस नव्हते. नुकते बदलून आले होते, पदरात दोन मुली होत्या. वर कळलं तर आपली धडगत नाही, एवढंच ते पुन्हा पुन्हा सांगत होते.

ताईच्या जिवाला दुसराच घोर होता. तिचा धाकटा भाऊ सकाळी बोट घेऊन गेला होता. बाकीच्या बोटी दुपारपर्यंत परतल्या, त्याची नाही. दीड वाजता इंजिन बंद पडल्याचं त्याने कळवलं, त्यानंतर चकार शब्द नाही. आईचा तीनदा फोन आला आणि तिन्ही वेळा ताईने ‘येतोय, वाटेत आहे’ म्हणून ठोकून दिलं. आता सेटचाच आवाज बंद म्हटल्यावर भावाने हाक मारली तरी ऐकणार कोण? तसं ती साहेबांना म्हणालीही. पाच मिनिटं कळ काढा, साहेब म्हणाले, तो परका कंटाळून जाईल.

पाचाची दहा झाली, दहाची वीस. काचेवर पाणी सपसप आपटत होतं. खाली धक्क्यावर बायका भिंतीला धरून उभ्या होत्या. त्या परक्या बोटीवरच्यांचीही कुठेतरी आई फोन करून थकली असेल, असं ताईच्या मनात आलं आणि तिने ते झटकून टाकलं. नोकरी गेली तर घर कोण चालवणार? इकडे आड, तिकडे विहीर. पण अशा विचाराची बाई आपण कधीपासून झालो, हे तिला कळेना, आणि त्याची तिला वादळापेक्षा जास्त भीती वाटली.

पंचविसाव्या मिनिटाला तिने हात पुढे केला आणि बटण फिरवलं. भावासाठी फिरवतेय, असं तिने स्वतःला बजावलं. भावाचा आवाज नव्हता. तो परका मात्र अजून तिथेच होता. घसा पार बसला होता त्याचा. नुसतं ‘ताई’ म्हणत होता.

साहेबांनी तिचं मनगट धरलं. त्यांची बोटं बर्फासारखी गार होती.

“हुकूम माझ्या नावाने आलाय,” ते म्हणाले.

“मग वर माझं नाव लिहून पाठवा,” ताई म्हणाली आणि तिने हात सोडवून घेतला.

तिने माइक उचलला आणि शब्द सवयीने आले. डावीकडे घे. सरळ. थांब, लाट जाऊ दे. आता सोड. सात मिनिटं ती काचेतून बोटीच्या दिव्यावर नजर ठेवून बोलत राहिली. बोट वाळू चुकवून आतल्या संथ पाण्यात आली, तेव्हा साहेब डोक्याला हात लावून खुर्चीत बसले होते. ताईला मात्र कितीतरी दिवसांनी हलकं वाटलं.

धक्क्यावर कांबळी काढायला सांगायची होती. किती माणसं आहात, तिने विचारलं.

“आम्ही चौघं. आम्हाला काही झालेलं नाही,” तो म्हणाला. “बाकीचे तुमचे. त्यांची बोट उलटली होती, पाण्यातून काढले. सहा जण.”

भावाचं नाव ताईच्या ओठांवर आलं, पण विचारायचा धीर होईना. मग तो परका खलाशी पुन्हा बोलला. त्याच्या आवाजात राग नव्हता, नुसता थकवा होता.

“तुम्ही बंदर विचारलंत ना, ताई, तेव्हा सात होते.”