डुडुझिलेचा काढा

"काढा नव्हे गं बाई, तुझं रक्त!" डॉक्टर गुमेडे हसत म्हणाल्या. "एचआयव्ही अंगात आहे, पण तुझ्या रक्तातल्या रोगाशी लढणाऱ्या टी पेशींनी त्याला पार कोंडून ठेवलंय. हा विषाणू सारखा वेश पालटतो. तुझ्या पेशींनी त्याची अशी जागा धरलीय, की ती पालटायला गेला तर तो स्वतःच लुळा पडतो. फार थोड्यांचं असं असतं. नशीबवान आहेस."

डुडुझिले हसली नाही. इतकी वर्षं ती एकही गोळी न घेता ठणठणीत होती. रोज सकाळी डोंगरातला कंद उकळून प्यायची आणि त्याचेच गोडवे गायची.

"माझ्या बहिणीच्या पेशीही अशाच असतील ना? सख्खी आहे."

"असतील, नसतीलही. गोळ्या घेते ना ती?"

"घेत होती."

डॉक्टरांचं हसू मावळलं. "आजच्या आज घेऊन ये तिला."

उमलाझी वस्तीकडे जाणाऱ्या टॅक्सीत ती खिडकीला चिकटून बसली. गोळ्यांनी मळमळतं म्हणून बहीण फिकिले रडकुंडीला आली होती, तेव्हा डुडुझिलेच म्हणाली होती, "सोड की मग. माझ्याकडे बघ." फिकिलेने बघितलं होतं. आता तिच्या गळ्याची हाडं वर आली होती. लेकीला कडेवर घ्यायचं तर आधी भिंतीला टेकावं लागायचं. त्यावर डुडुझिलेने काय केलं? काढा दुप्पट प्यायला सांगितला.

अंगणात शेजारणी जमल्या होत्या. फिकिले त्यांना काढा ओतून देत होती.

"ही बघा, आली माझी सिसी, माझी ताई! गोळी नाही की काही नाही, आणि गाल बघा कसे!"

"पिऊ नका," डुडुझिले धापा टाकत म्हणाली. "काढ्यात काही नाही. माझं रक्तच तसं आहे, जन्मापासून. डॉक्टरच म्हणाल्या."

म्हाताऱ्या मा झुंगूंनी कप सोडला नाही. "रक्त म्हणे! स्वतः गुबगुबीत झाली, आता आमच्या तोंडचं काढते."

"सिसी, पुरे गं थट्टा," फिकिले खोकत म्हणाली आणि तिने कप ओठांना लावला.

खरं सांगून झालं होतं. डुडुझिलेने बहिणीचं मनगट धरलं.

"मी गोळ्या घेते," ती म्हणाली. "चोरून. पहिल्यापासून. लाज वाटायची, म्हणून काढ्याचं नाव पुढे केलं."

मा झुंगूंनी कप खाली ठेवला.

"मला गोळ्या सोडायला लावल्यास," फिकिले हळू आवाजात म्हणाली, "आणि स्वतः खात राहिलीस?"

तिने डुडुझिलेच्या थोबाडीत मारली. मग दवाखान्याचं कार्ड शोधायला घरात गेली.