फळीवरची मुलाखत

रेणू बाईदेउंनी ताटातला गामोसा, लाल काठाचं मानाचं उपरणं, उचललं आणि नीरोदच्याच गळ्यात घातलं. खरं तर गामोसा पाहुण्याला घालायचा. पाहुण्या त्या होत्या, आणि प्रश्न नीरोद विचारणार होता. पण स्टुडिओत कुणी चकार शब्द काढला नाही. आजारपणात माणसाचं असं व्हायचंच, असं म्हणून नीरोदने मान लववून तो घालून घेतला.

"बाईदेउ, मान आज तुमचा आहे," तो हळूच म्हणाला.

"मला काय, गावोगाव घालतात. तुला कोण घालतंय? टीव्ही केंद्राच्या संचालकाला लोक घाबरतात नुसते."

फिरत्या थिएटरची ही राणी, साऱ्या आसामची बाईदेउ, म्हणजे थोरली ताई. तंबू ठोकायचा, नाटक करायचं, तंबू उठवायचा, यात तिचं आयुष्य गेलं होतं. जीभ अजून तशीच तिखट होती. नीरोदला बरं वाटलं आणि लगेच वाईटही.

परवाच मिनती सैकिया, त्याच्या हाताखालची अधिकारी, दाराशी घुटमळत होती. रेणू बाईदेउंचं काही खरं नाही, डॉक्टरांनी हात टेकलेत, त्यांना स्वतःला मात्र सांगितलेलं नाही, असं ती म्हणाली. फळीवरची मुलाखत करून ठेवायला हवी, आणि बाईदेउ तुमच्याशिवाय कुणापुढे बसणार नाहीत. एवढं सांगताना तिचे डोळे भरून आले होते. मिनती मुळातच हळवी.

'फळीवरची' हा शब्द नीरोदचाच. मोठं माणूस जायच्या आत त्याला बोलतं करायचं, टेप फळीवर ठेवायची आणि ज्या संध्याकाळी माणूस जाईल त्या संध्याकाळी दाखवायची. नियमही त्यानेच घालून दिला होता. फळीवरच्या माणसाने उद्याची गोष्ट काढली, की कॅमेरा बंद. गेलेला माणूस पुढच्या वर्षीचे बेत सांगताना दिसला, तर घरच्यांच्या काळजाचं पाणी होतं.

हा नियम त्याला स्वतःलाच जड जायचा. कारण एके काळी सगळा आसाम ज्या प्रश्नासाठी टीव्हीसमोर बसायचा, तो उद्याचाच होता. मुलाखत संपत आली की नीरोद बरठाकुर पुढे वाकायचा आणि विचारायचा, "आता पुढे काय?" बाजारातली पोरं त्याची नक्कल करायची. मग बढत्या मिळाल्या, केबिन मिळाली, आणि विचारणारा माणूस सह्या करणारा झाला. जुन्या सोबत्यांचे कार्यक्रम त्याने एकेक करून बंद केले आणि विचारलं तर वरच्या हुकुमाकडे बोट दाखवलं.

आता मात्र दिल्लीची मोठी जागा ठरल्यात जमा होती. तिथे हुकूम त्याचाच चालणार होता. मोडलेलं सगळं तो पुन्हा उभं करणार होता. त्या एका आशेवर तो दिवस काढत होता. मध्ये पोटाने त्रास दिला, पार वाळून गेला, म्हणून चेन्नईला तपासण्या झाल्या. निजराने, त्याच्या बायकोने, एकटीने जाऊन रिपोर्ट आणले. अल्सर आहे, पथ्य पाळा, म्हणाली आणि ते कपाटात ठेवून दिले. या मुलाखतीसाठीही तीच मागे लागली होती.

चेहरा रंगवणाऱ्या बाईने त्याचे गाल भरायला बराच वेळ घेतला. कॅमेरावाला भबेन नीरोदच्या समोरच्या कॅमेऱ्यामागे उभा राहिला.

"अरे, पाहुण्या तिकडे आहेत," नीरोद म्हणाला.

"तो कॅमेरा लावून ठेवलाय, सर. बाईदेउ हलत नाहीत. हातवारे तुमचेच असतात."

नीरोद हसला. कॅमेऱ्यावरचा लाल दिवा लागला.

बाईदेउ बोलत होत्या, पण फार नाही. एका वाक्यात उत्तर द्यायच्या आणि उलट त्यालाच विचारायच्या. आई कशी होती? या खुर्चीत पहिल्यांदा कुणी बसवलं? नंतर कापून टाकू, अशा हिशेबाने नीरोद मनमोकळं सांगत गेला. मरणाच्या दारातल्या बाईचं मन कशाला मोडायचं? मध्येच बाईदेउंनी कडक सुपारी तोंडात टाकली आणि कडाकडा चावली. दिवा विझण्याआधी मोठा होतो तसं हे, असं त्याला वाटलं.

"कशाचं वाईट वाटतं, नीरोद?"

"माणसांना विचारायचं सोडून मी त्यांना सांगायला लागलो, बाईदेउ. त्याचं वाटतं. फार वाटतं."

त्यांनी पदराने डोळे टिपले. नीरोदला राहवलं नाही. या बाईला शेवटचा एक उद्या तरी देऊ, पुढे टेप कापता येईल. तो जुन्यासारखा पुढे वाकला.

"बाईदेउ, आता पुढे काय?"

विचारलं आणि त्याने भबेनकडे चोरून पाहिलं. भबेनने काही केलं नाही. दिवा चालूच होता.

बाईदेउंचा चेहरा उजळला. दुर्गापूजा झाली की नलबारीला तंबू लागणार, नवं नाटक, आईचं काम, नंतर तिकडून थेट वरच्या आसामात. त्या बोलत राहिल्या आणि भबेन कॅमेरा चालवत राहिला. नीरोद मान डोलावत राहिला. बिचारीला कुणीच काही सांगितलेलं नाही.

त्यांना हसवावं म्हणून त्याने गळ्यातला गामोसा सारखा केला.

"आता माझं ऐका," तो म्हणाला. "पुढच्या महिन्यात मी दिल्लीला..."

समोरचा लाल दिवा विझला.